चौदाव्या पानावरची टाकी

४ फेब्रुवारी

ठमे,

फोन उचलत नाहीस म्हणून कागद. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही लिहिली नाहीस. आता लिहितोय तेही रागावूनच, हे आधीच सांगून ठेवतो.

तुझी आई काल तासभर फोनवर होती. अर्धं कळलं, अर्धं तिच्या रडण्यात गेलं. कळलं ते एवढं: लाँड्रीतल्या गरम पाण्याच्या टाकीचा प्रोग्राम तू लिहिला होतास, साठ अंशांवर थांबायचं पाणी उकळत राहिलं, आणि धुलाईवाल्या काकूंनी रोजच्यासारखा नळ सोडला. उजवा हात खांद्यापर्यंत भाजला. आता कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसात चौकशी बसली आहे आणि मालक म्हणतो, दोष प्रोग्रामचा, म्हणजे तुझा. नोकरी जाईलच, वर निष्काळजीपणाचा खटलाही उभा राहू शकतो.

ताईला मी म्हटलं, तो प्रोग्राम घरात कुठे असेल तर वाचून दाखव. तुझ्या टेबलावरचा कागद तिनं आणला आणि एकेक अक्षर सुटं करून वाचला. 'हीटर' सोडून एक शब्द तिला कळत नव्हता, पण आवाज असा होता की डॉक्टरांचा रिपोर्टच वाचतेय. पाचव्या ओळीला मी कपाळाला हात लावला.

अगं, तापमान तू लूपच्या बाहेर वाचलंस! एकदाच, सुरुवातीला! व्हाइल लूप म्हणजे काय हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल? जोपर्यंत अट खरी आहे तोपर्यंत आतलं काम करत राहा. दर फेरीला अट पुन्हा तपासली जाते. पण तपासायला हातात नवा आकडा नको का? सकाळी सातला पाणी बावीस अंश होतं, ते यंत्रानं लिहून घेतलं आणि दिवसभर तेच धरून बसलं. बावीस साठपेक्षा कमी आहे का? आहे. मग हीटर चालू. पुन्हा बावीस साठपेक्षा कमी आहे का? आहेच. पाणी उकळून वाफ झाली तरी त्याच्या लेखी बावीसच. यंत्राला वळून बघायची अक्कल नसते, ती आपण एका ओळीत लिहून द्यायची असते. तीच ओळ तू खाल्लीस.

असो. जे झालं ते झालं. एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नकोस. जबाबात माझ्या कॉम्प्युटर क्लासचं नाव घेऊ नकोस. नव्या बॅचचे प्रवेश सुरू आहेत, आणि लोकांना तेवढंच निमित्त पुरतं. तसंही मी शिकवलं ते बरोबरच होतं, चूक तुझ्या हातून झाली आहे. हे तुलाही पटेल.

जेवत जा. ताई म्हणते, ताट तसंच परत येतं.

मामा


९ फेब्रुवारी

ठमे,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही तुझ्या जागी रुसलो असतो, फक्त एवढा वेळ नसतो.

काल ताई घरी आली होती. पायातल्या चपला न काढता दारात उभी राहून म्हणाली, "तू तिथे जाऊन सांग."

"काय सांगू?"

"ते मला माहीत असतं तर मीच नसते का गेले? तुला त्यातलं कळतं. आठ महिने सगळं नीट चाललं होतं. मग आत्ताच काय झालं?"

तुझी आई प्रोग्राम लिहीत नाही हे एका अर्थी बरंच आहे, नाहीतर माझा क्लास केव्हाच बंद पडला असता. कारण खरा प्रश्न तोच आहे. तुझा तो लूप पहिल्या दिवसापासून न संपणारा होता, तर पहिल्याच दिवशी पाणी का उकळलं नाही?

मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं की जानेवारीत इलेक्ट्रिशियननं टाकीवरचा जुना थर्मोस्टॅट काढून टाकला. तो सारखा वीज तोडायचा, कामाचा खोळंबा व्हायचा. मालक म्हणाला, आता प्रोग्राम आहे ना, हे जुनं धूड कशाला? म्हणजे आठ महिने पाणी पासष्टला गेलं की तो जुना थर्मोस्टॅट वीज तोडत होता आणि तुझ्या प्रोग्रामवर पांघरूण घालत होता. संध्याकाळी मेन स्विच बंद, सकाळी पुन्हा नवा आकडा. कुणालाच काही कळलं नाही. तुलाही नाही. ज्या दिवशी तो निघाला त्या दिवशी टाकीला थांबवणारं कुणी उरलं नाही.

हे कुणीतरी चौकशीत समजावून सांगायला हवं, हे मला कळतं. कुणालाही न विचारता सुरक्षेचं उपकरण काढणारा मालक मोकळा सुटतोय आणि तू अडकतेयस. ताई म्हणते ते खरं आहे. पण मी गेलो तर पहिला प्रश्न असा येईल की ही मुलगी असा लूप लिहायला शिकली कुठे. मग क्लासची पुस्तिका मागतील. मी काल आपली पुस्तिका शोधली, सापडली नाही. जुन्या बॅचची होती, रद्दीत गेली असेल.

आणखी एक. तीन वर्षांपूर्वी तू, मला क्लासमध्ये शिकवण्याच्या कामावर घ्या म्हणालीस आणि मी सगळ्या बॅचसमोर म्हटलं, "अजून तुझा पाया कच्चा आहे." ते सगळ्यांसमोर म्हणायला नको होतं. आत बोलावून सांगायला हवं होतं. तू बॅग उचललीस, खुर्ची आत सरकवलीस आणि गेलीस. खुर्ची आत सरकवून जाणारी मुलगी मी आजवर दुसरी पाहिली नाही. बाकीचे सगळे खुर्च्या अशा सोडून जातात की जणू मागे कुणी लागलंय.

मामा


१३ फेब्रुवारी

ठमे,

आज काकूंना बघून आलो. मुद्दाम सकाळी गेलो. तू दुपारी तिथे असतेस हे ताईकडून कळलं होतं. तुझ्यासमोर यायचं धैर्य नाही, हे लिहून टाकलेलं बरं.

वॉर्डात खिडकीशेजारची खाट. हात पट्ट्यांत बांधून वर टांगलेला. मला वाटलं होतं शिव्या ऐकाव्या लागतील. मी म्हटलं, "मी तिचा मामा." त्या म्हणाल्या, "बसा की. स्टूल डुगडुगतंय, जपून. डॉक्टर पडले परवा."

मग बराच वेळ त्यांनीच गप्पा मारल्या. शेजारच्या बाईचं घोरणं, नर्सची नवी चप्पल, सुनेला उसळीत मीठ किती घालावं ते अजून कळत नाही, वगैरे. तुझं नाव मी काढायच्या आधी त्यांनीच काढलं.

"पोरगी रोज येते. केस विंचरून देते. डाव्या हातानं मला जमत नाही. पहिले दोन दिवस नुसती रडत होती. मी म्हटलं, बाई, रडायचं तर बाहेर रड, माझी उशी भिजवू नकोस."

"तिनं सांगितलं का काय झालं ते?"

"सांगितलं ना. म्हणाली, काकू, मी पाणी एकदाच बघितलं आणि नंतर वळून बघितलंच नाही. मी म्हटलं, अगं मग दूध ठेवलं असतंस तरी उतू गेलंच असतं." मग म्हणाल्या, "हुशार आहे हो. पण एवढं साधं कुणी शिकवलं नाही का तिला?"

ठमे, त्यांनी ते कुजकटपणानं विचारलं नव्हतं. खरंच नवल वाटून विचारलं होतं. मी म्हणालो, "आजकाल कोण काय शिकवतं!" आणि उठलो. दारापर्यंत आल्यावर त्यांनी हाक मारली. मला वाटलं, ओळखलं. त्या म्हणाल्या, "तेवढा पंखा कमी करून जा."

बोटं परत वळतील की नाही हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. बावीस वर्षं त्यांनी त्या हातानं कपडे पिळले.

घरी येऊन जेवलो नाही. मला माझीच लाज वाटली.

मामा


१६ फेब्रुवारी

ठमे,

पुस्तिका रद्दीत गेलेली नाही. ती शेल्फवर होती, नेहमी असते तिथेच, हजेरीपटाच्या शेजारी. मी तुला खोटं लिहिलं.

चौदावं पान उघडून समोर ठेवलं आहे. तुझ्याकडेही प्रत असेल, नसेल तर इथे उतरवून देतो:

पातळी = टाकी किती भरली आहे ते विचारा
जोपर्यंत पातळी शंभरपेक्षा कमी:
"पंप चालू" छापा

बस. तीन ओळी. पातळी एकदाच विचारली आहे, बाहेर. आत कुठे काही नाही. तुझ्या हीटरचा प्रोग्राम म्हणजे हाच. पंपाच्या जागी हीटर, शंभराच्या जागी साठ. तू एक अक्षरही खाल्लं नाहीस. मी दिलं तेवढं सगळं तू नीट उतरवून घेतलंस.

आता पुढचं ऐक. छापताना चूक झाली असती तर मी आज मान वर करून तुझ्याकडे आलो असतो. चूक मला माहीत होती.

तू यायच्या आदल्या वर्षी एक पोस्टमन क्लासला यायचा. टपाल वाटून झालं की चारच्या बॅचला, खाकी पँटीतच. एकदा त्यानं हात वर केला आणि विचारलं, "सर, ही टाकी भरणार कधी?" वर्ग हसला. मी म्हटलं, "तुम्ही पत्रं टाका हो, टाकी मी भरतो." वर्ग आणखी हसला. तोही हसला बिचारा. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी बसून पाहिलं. त्याचं बरोबर होतं. लूपच्या आत पातळी पुन्हा विचारायची एक ओळ हवी होती.

ती मी घातली नाही. का घातली नाही ते सांगतो, मग तुला हवं ते म्हण.

आठ कॉम्प्युटर आणि चोवीस पोरं. एकेकाला दहा मिनिटं. लूपचा धडा आला की मी दिवे मंद करायचो, आठवतंय ना? तुमच्यापैकी एकजण दहा हा आकडा टाकायचा, बटण दाबायचा, आणि पडदा भरून वाहायला लागायचा. पंप चालू, पंप चालू, पंप चालू. ओळी अशा पळायच्या की पोरं टाळ्या वाजवायची. दोन आठवडे कंटाळून बसलेली पोरं त्या दिवशी पहिल्यांदा म्हणायची, सर, हे आपण केलं? मग मी खुर्च्यांमधून फिरत प्रत्येकाच्या खांद्यावरून वाकून दोन बटणं एकदम दाबायचो आणि ते थांबवायचो. पुढचा नंबर!

ती ओळ घातली असती तर दर फेरीला यंत्र थांबून विचारत बसलं असतं, पातळी किती? पोरानं अकरा टाकायचं. पातळी किती? बारा. कोण टाळ्या वाजवणार? मला त्या टाळ्या हव्या होत्या. वर्षातून चार वेळा मिळायच्या, आणि मला दुसऱ्या कशाच्या मिळत नाहीत.

म्हणून माझ्या वर्गातल्या कुणीच, एकदाही, लूप आपला आपण संपताना पाहिला नाही. तो नेहमी सरांच्या हातानं संपला. तुझ्या लाँड्रीत मी नव्हतो.

तोंडी तरी सांगितलं होतं का, ते आठवून पाहिलं. काही बॅचना सांगितलं होतं, घाईत, घंटा व्हायच्या वेळी. तुमच्या बॅचला सांगितल्याचं आठवत नाही. पहिल्या पत्रात "किती वेळा सांगितलं" असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं, ती नुसती जीभ होती. आणि तुझा पाया कच्चा आहे असं ज्यानं म्हटलं, तो पाया त्यानंच घातला होता.

मी चौकशीला जाणार आहे. पुस्तिका, हजेरीपट आणि थर्मोस्टॅटची सगळी हकीकत घेऊन. पोस्टमनचा प्रश्नही सांगेन. अठराला प्रवेशाचा शेवटचा दिवस आहे, तो उरकला की एकोणिसाला सकाळी पहिल्यांदा तिथेच. तोवर कुठेही सही करू नकोस. ऐक माझं. या खेपेला तरी मी बरोबर सांगतोय.

मामा


२० फेब्रुवारी

ठमे,

तू अठराला सही केलीस.

मी काल साडेनऊलाच निरीक्षकांच्या ऑफिसात पोचलो. बाकावर बसायलाही जागा होती, एवढा लवकर. साहेब माणूस बरा आहे, थकलेला आहे. माझं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "उशीर केलात हो. काल दुपारी येऊन जबाब देऊन गेली ती."

काल दुपारी म्हणजे अठराला. मी तेव्हा क्लासच्या टेबलावर फॉर्म तपासत होतो. एकाचा फोटो उलटा चिकटवला होता, त्यावर मी विनोदही केला.

मी फाइल बघायला मागितली. नियमात बसत नाही म्हणाला आणि फाइल माझ्याकडे वळवून स्वतः खिडकीबाहेर बघत बसला. तुझं अक्षर अजून तसंच आहे, गोल. प्रोग्राम मी लिहिला. तापमान दर फेरीला वाचायला हवं होतं, ते मी केलं नाही. चाचणीही पुरेशी घेतली नाही. दोष सर्वस्वी माझा आहे. थर्मोस्टॅटचा शब्दही नाही. त्याखाली छापील रकाने होते. वय, पत्ता, किती वर्षं नोकरीत. मग 'प्रशिक्षण कोठे घेतले'. त्यापुढे तू लिहिलंस: 'कोठेही नाही. घरी, स्वतःची स्वतः शिकले.'

मी म्हटलं, "साहेब, हे खोटं आहे. ती माझ्याकडे शिकली."

"मास्तर, लोक सुटायला शिक्षकाला पुढे करतात. ती करत नाहीये. तुम्ही कशाला स्वतःला अडकवून घेताय?"

"मी अडकायलाच आलोय."

त्यानं मला एक कोरा कागद दिला. मी सगळं लिहिलं, चौदाव्या पानासकट, पोस्टमनसकट, थर्मोस्टॅटसकट. दीड तास लागला. त्यानं शिक्का मारला, टाचणी लावली आणि म्हणाला, "जोडून ठेवतो. पण तिनं सगळं कबूल केल्यावर आता वर कोण उकरत बसणार? थर्मोस्टॅट जुना झाला होता म्हणून काढला, असं मालकानं लिहून दिलंय. ते चालून जाईल." मी विचारलं, तिला काय होईल? तो म्हणाला, "नोकरी तर कालच गेली. खटला होईल. दंड होईल, कदाचित जास्तही. पुढे अशा कामावर कुणी ठेवणार नाही."

तिथून तुमच्याकडे आलो. ताईनं दार अर्धंच उघडलं. तू घरात होतीस, आतल्या खोलीत दिवा दिसत होता. तिनं मला आत घेतलं नाही. पहिल्यांदाच. हळूच म्हणाली, "तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी तिनं ते तीनदा वाचलं. मग म्हणाली, मामाचं नाव कुठे येऊ द्यायचं नाही."

"आणि सोळा तारखेचं? सही करू नकोस म्हणून लिहिलेलं?"

"ते आज सकाळी आलं."

मी तिथल्या पायरीवर बसलो. ताईनं आतून पाणी आणून दिलं, माझ्या शेजारी ठेवलं आणि दार लावून घेतलं. मी रडलो, ठमे. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघून गेली. तू उठून येशील असं मला वाटत होतं. का वाटावं, तेही कळत नाही.

आज सकाळी नव्या बॅचचा पहिला तास होता. लूपचा धडा तिसऱ्या आठवड्यात येतो, पण मी आजच चौदावं पान उघडायला लावलं. सगळ्यांना सांगितलं की हे चूक आहे, मला पाच वर्षांपासून माहीत होतं, आणि त्यामुळे एका बाईचा हात गेला आणि माझ्या भाचीची नोकरी गेली. तुझी खुर्ची कुठली तेही दाखवलं. मग मागून एकानं विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?"

मालकाकडेही जाऊन आलो. कामगारांच्या वकिलाकडेही. वकील म्हणाला, तिचा जबाब तिनं स्वतः बदलल्याशिवाय तुमच्या कागदाला काही अर्थ नाही. म्हणून हे पत्र. जबाब बदल, ठमे. तो खरा नाही. माझी अब्रू राखण्यासाठी तू तो दिलास, आणि ती राखण्यासारखी नाही.

नाही बदललास तरी मी तुला दोष देणार नाही. पण तू स्वतःची स्वतः शिकली नाहीस. तू माझ्या वर्गात शिकलीस. सात महिने, संध्याकाळी सहाची बॅच, तिसरी खुर्ची. हजेरीत एकही दांडी नाही. मी हे आता ज्याला त्याला सांगत फिरतोय, आणि त्याची दखल घ्यायला कुणी तयार नाही.

मामा